सरोजाबाईंच्या दारचा आंबा

दत्तारामांनी पाइपाचं तोंड आंब्याच्या बुंध्याशी टेकवलं, ते हलू नये म्हणून वर वीट ठेवली आणि हाक दिली, "सोडा!" बोअरच्या कॉकशी उभ्या असलेल्या सरोजाबाईंनी कॉक फिरवला. आळ्यात पाणी भरू लागलं. दत्ताराम कमरेवर हात ठेवून झाडाकडे टक लावून बघत राहिले. झाडाची निम्मी पानं टोकाकडून भाजल्यासारखी तपकिरी झाली होती.

समोरच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, त्यांची बायको वासंती हे बघत होती. हातात तांदळाचं ताट होतं आणि तांदूळ केव्हाच निवडून झाले होते.

लालबागची खोली सोडून ही दोघं खाडीजवळच्या इंद्रलोक वस्तीत राहायला आली त्याला चार वर्षं झाली होती. गेल्या दिवाळीत दत्ताराम गोदीतल्या कचेरीतून निवृत्त झाले. तीन महिने खुर्चीत बसून पेपराची छोट्या जाहिरातींपर्यंत पारायणं झाली, आणि फेब्रुवारीत त्यांना हे झाड सापडलं. झाड सरोजाबाईंच्या नवऱ्याचं, कोंडिरामांचं. त्यांनी केशर आंब्याचं ते कलम लातूरजवळच्या गावाहून मांडीवर घेऊन आणलं होतं. कोंडिराम हार्टनं गेले, मुलगा प्रितम नाशिकला नोकरीला, आणि सरोजाबाई टेलिफोन खात्यात दुपारपाळीला ऑपरेटर. झाडाकडे बघायला कुणी उरलं नाही. ते मलूल दिसलं आणि दत्ताराम सोसायटीचा पाइप घेऊन धावले. तेव्हापासून रोज सकाळी आठ वाजता त्यांची स्वारी तिकडे.

वासंतीला मत्सर वाटत होता. उगाच काळजीबिळजी म्हणून त्याला पावडर लावण्यात अर्थ नाही, मत्सरच. सरोजाबाई त्यांना 'भाऊ' म्हणत, म्हणून काय झालं? भाऊ म्हटलं की सगळं धुतलं जातं थोडंच! घरातल्या नळाचा वायसर फेब्रुवारीपासून गळत होता, त्याच्याकडे बघायला या माणसाला सवड नव्हती. तिकडे मात्र खुरप्यानं आळं काय करताहेत, पानं काय पुसताहेत. त्यात परवा दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेननी जिन्यात गाठून म्हटलं होतं, "वासंतीबेन, तुमारे दत्ताभाई तो सुबह सुबह बहोत सेवा करते हैं, हां!" हंसाबेनच्या मनात काही नसेलही. वासंतीला मात्र दिवसभर घास गोड लागला नाही.

खरी ठुसठुस आणखी वेगळीच होती. पानांची टोकं तांबूस व्हायला लागली तेव्हा दत्तारामांनी एक पान घरी आणून टेबलावर ठेवलं, भिंगातून तपासलं, मग ते खिशात घालून बेव्हर्ली पार्ककडच्या एका नर्सरीवाल्याला दाखवलं. त्यानं करप्याचं औषध दिलं. ते फवारून झालं. मग बँकेतल्या कुणा ओळखीच्यानं लोह कमी आहे म्हणून सांगितलं, तेही घालून झालं. मग वाण्याला विचारलं, वॉचमनला विचारलं. वासंतीला विचारलं नाही. वासंती आगाशीची. वडिलांच्या वाडीत केळी, पानवेली आणि अबोलीच्या वाफ्यांत तिचं लहानपण गेलेलं. तीस वर्षांच्या संसारात हे त्या माणसाच्या लक्षात राहू नये?

टेबलावरचं पहिलं पान बघितलं तेव्हाच तिला कळलं होतं. जुनी पानं आधी गेली होती. करपण टोकापासून निघून कडेकडेनं मागे सरकलेली, मधली शीर हिरवीगार. बुरशी असती तर पानभर कुठेही ठिपके पडले असते. कीड असती तर भोकं दिसली असती. हे मिठाचं काम होतं. सोसायटीच्या मागे खाडीपर्यंत मिठागरं. बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नव्हता. तिकडे आगाशीलाही चैत्रात विहिरीचं पाणी मचूळ झालं की वडील शिंपणं थांबवायचे. 'तहानलेला झाड वाचते, खारा पाजलेला न्हाय वाचत,' म्हणायचे. इथे दत्ताराम पान करपलं की जास्त पाणी घालत होते, आणि जास्त पाण्यानं आणखी पानं करपत होती.

ती गप्प राहिली. आधी वाटलं, विचारतील. मग वाटलं, नाही ना विचारत, मग बसा. आणि एक दिवस भाकरी थापताना तिच्या मनात सरळच येऊन गेलं: मरू दे ते झाड. झाड गेलं की जाणं संपेल.

त्या दिवशी दत्ताराम परत आले ते पायांना चिखल घेऊनच. कोपऱ्यात त्यांनी एक पिशवी ठेवली.

"युरिया आणलाय. उद्या चांगला ओंजळभर घालतो. आणि संध्याकाळचंपण पाणी सुरू करतो आता."

"संध्याकाळी त्या ड्यूटीवर असतात ना?"

"सोमवारपासून पाळी बदलतेय त्यांची. सकाळची लागलीय. संध्याकाळी घरीच असणार."

वासंतीनं पिशवीकडे बघितलं. आधीच मिठानं भाजलेल्या मुळांवर एप्रिलच्या उन्हात युरिया! आठ दिवसांत खेळ खलास. तिला हवं होतं तेच आपल्या पायांनी चालत घरात आलं होतं, आणि तिनं मात्र ती पिशवी पायानं दाराकडे सरकवली. झाड मरावं असं मनात आणणं वेगळं, आणि त्याची विषाची पिशवी आपल्या स्वयंपाकघरात ठेवणं वेगळं. शिवाय 'संध्याकाळी घरीच असणार' हे ते ज्या उत्साहानं म्हणाले होते, तो तिच्या कानातून जात नव्हता.

दहा वाजता दत्ताराम पेन्शनच्या कामाला बँकेत गेले. वासंतीनं पदर खोचला आणि ती रस्ता ओलांडून गेली. आळ्याच्या काठावर, जिथे माती सुकली होती, तिथे पांढरी पापडी धरली होती. तिनं ती नखानं खरवडली आणि जिभेवर ठेवली. खारट. ती थुंकतेय तोच दार उघडलं.

"वहिनी? या ना आत."

आत भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी कोंडिरामांचा फोटो होता. टेबलावर दोन रिकामे कप. ते दोन कप वासंतीनं आधी पाहिले, बाकीचं घर मग. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

"तुमचं झाड पाण्यानं मरतंय," ती म्हणाली. "बोअरचं पाणी मचूळ आहे. रोज मीठ घालताय तुम्ही त्याला."

सरोजाबाईंनी कप उचलले. मोरीपर्यंत नेले, विसळले, पालथे घातले. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "माहितीय."

"काय?"

"आमचे हे पाच वर्षं नळाचंच पाणी घालायचे. एक बादली. मला बजावून ठेवलेलं, बोअरचं घालू नको, करपेल. ते गेल्यावर मग माझ्यानं त्या झाडाकडं जाववेनाच." त्या वळल्या. "भाऊ पहिल्यांदा पाइप घेऊन आले ना, तेव्हा सांगणारच होते. तोंडापर्यंत आलेलं. पण त्यांनी विचारलं, रात्री झोप लागते का तुम्हाला? वहिनी, मी रोज शेकडो लोकांशी बोलते. हॅलो म्हणते, नंबर जोडून देते. मला कुणी असं विचारलं नव्हतं. प्रितमनंपण नाही. म्हटलं, एक दिवस घालू दे पाणी. एका दिवसानं काय होतंय. मग दुसऱ्या दिवशीपण तेच म्हटलं."

 वासंतीला संताप यायला हवा होता, आणि तो आलाही. पण त्याला टेकायला जागा मिळेना. समोरची बाई नवऱ्याच्या हातचं झाड रोज सकाळी आपल्या हातानं कॉक फिरवून जाळत होती, कशासाठी, तर कुणीतरी झोप लागली का म्हणून विचारावं. आणि आपण? आपण खिडकीत उभ्या राहून तेच झाड जळू देत होतो. वासंतीचा मत्सर त्यानं गेला नाही, पण बाईकडे बघायची तिची नजर जरा निवळली.

"वाचेल अजून," तिनं शेवटी सांगितलं. "शेंडा हिरवा आहे. वरची पांढरी माती खरवडून टाकायची. मग नळाचं पाणी, भरपूर, सावकाश, मीठ खाली उतरेपर्यंत. बुंध्याभोवती पालापाचोळा घालायचा. आणि खत एक कण नाही."

"नळ दिवसाआड येतो, तो पाऊण तास. माझ्याच्यानं चार बादल्या भरत नाहीत."

"आमच्यातल्या चार घ्या."

"भाऊ आणतील?" सरोजाबाईंच्या तोंडून निसटलं. लगेच त्यांनी पदरानं हात पुसायला घेतले.

"त्यांची पाठ दुखते," वासंती म्हणाली. "मी आणीन."

सरोजाबाईंनी पालथ्या कपांतला एक उचलून सुलटा केला. मग म्हणाल्या, "या. चहा ठेवीन."

दुपारी जेवायला बसल्यावर वासंतीनं दत्तारामांना सगळं समजावलं. मिठाचं, बोअरचं, युरियाचं. दत्तारामांचा हात ताटातच थांबला.

"म्हणजे मीच जाळलं की ते. रोज उठून, स्वतःच्या हातानं."

ती आमटी वाढत राहिली.

"आणि त्या बिचाऱ्या रोज कॉक सोडायच्या मला. नवऱ्याची शेवटची आठवण त्यांची. त्यांना ठाऊक असतं तर थांबवलं असतं गं मला."

खरं सांगितलं असतं तर त्यांच्या मनावरचा धोंडा निम्मा उतरला असता. वासंतीला ते कळत होतं. पण आपण रोज यावं म्हणून एका बाईनं स्वतःचं झाड जळू दिलं, हे ऐकून हा माणूस खुर्चीत कसा सुखावून ताठ बसला असता, तेही तिला लख्ख दिसत होतं. ते तिला या घरात बघायचं नव्हतं. आणि ते गुपित दुसऱ्याच्या ताटात वाढायला तिचंही नव्हतं.

"थांबवलंच असतं की," ती म्हणाली. "त्यांना कुठून ठाऊक असणार?"

दत्तारामांनी मान हलवली. मग काहीतरी सुचल्यासारखं त्यांनी तिच्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी नीट बघितलं.

"आणि तुला? तुझी तर माहेरची वाडी. तुला कधी कळलं?"

"आजच," वासंती म्हणाली. "माती चाखली तेव्हा."

आणि त्यांनी नको म्हणायच्या आत तिनं त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.