नदीच्या खालच्या अंगाला

अंगठ्याच्या ठशात मधोमध एक आडवी पांढरी रेघ होती, आणि झेरॉक्सच्या काचेवर पान उलटं ठेवता ठेवता निशिगंधाचा हात तिथंच थांबला, कारण ती रेघ तिला पाठ होती. सोयाबीन कापताना आईला विळा लागला होता, तीन टाके पडले होते, आणि तेव्हापासून तिचा अंगठा कागदावर उमटला की मधे एवढीशी जागा कोरी राहायची. ठशापुढं निशिगंधाच्याच अक्षरात नाव होतं – मथुराबाई उकंडा भगत.

हे पान इथं कसं?

फाइल मारोतरावांनी आणली होती. नदी बचाव समितीतले मारोतराव. "पाच संच काढून ठेव बाई, उद्या साहेब येऊन राह्यले नदीच्या कामाच्या भूमिपूजनाले," असं म्हणून ते समोर बस स्टँडवर चहा घ्यायला गेले होते. दिग्रसची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तिनं सगळी फाइल काचेवरून उचलली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

'...तरी नाल्याचे सांडपाणी घाटाजवळ नदीत न सोडता, बंद पाइपलाइनद्वारे नदीच्या खालच्या अंगास, बुद्धविहारामागील बांधाजवळ सोडण्यात यावे, ही खाली सह्या करणाऱ्या नागरिकांची विनंती.'

तिनं पुन्हा वाचलं. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र हा शब्द अर्जात कुठंच नव्हता. चौदा महिने जो शब्द फलकावर रंगवला, ज्याच्यासाठी तहसीलसमोर उन्हात बसलो, तो शब्दच नव्हता... आणि खाली सह्या करणारे नागरिक म्हणजे आम्ही. विहारामागच्या वस्तीतली शहाऐंशी घरं. अकरा पानं. प्रत्येक दारात मी उभी राहिले होते. कुणी पीठ मळत होतं, कुणी फवारणीचा पंप धूत होतं, आणि सगळ्यांनी एकच विचारलं होतं, "तू म्हनतं ना? मंग दे इकडं." पानांवर वर मजकूर नव्हता. "मजकूर मी टाइप करून लावतो, भाषा एकसारखी पाहिजे," असं सर म्हणाले होते, आणि तिला ते किती बरोबर वाटलं होतं! समिती चालवणाऱ्या सदाशिवराव सरांची भाषा. आठवीत तिच्या निबंधाखाली त्यांनी लाल शाईनं लिहिलं होतं, 'ही मुलगी पुढे बोलेल.' मोर्च्याच्या दिवशी माइक तिच्या हातात देताना तेच वाक्य त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, आणि ती बोलली होती – पायाला उठणाऱ्या खाजेबद्दल, विहिरीच्या पाण्याला येणाऱ्या वासाबद्दल, घाटावरच्या फेसात अडकलेल्या मेलेल्या माशांबद्दल. टाळ्या पडल्या होत्या. सरांचे डोळे भरून आले होते. ते खरे होते, ते डोळे... की नव्हते?

मारोतराव परत आले. "झालं काय?"

"मशीन गरम झाली," ती म्हणाली. मग राहवलं नाही. "काका, हा अर्ज सरांनीच लिहिला?"

"नाही तं काय मी लिहू?" ते हसले. त्या हसण्यात चोरी नव्हती. तिला तेच जास्त लागलं. फाइल तिच्याच दुकानात आणली होती, तिच्याच हातात दिली होती. ती वाचील, वाचून तिला काही वाटेल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. लपवण्याइतकीही तिची किंमत धरली नव्हती.

शटर अर्धं ओढून, फाइल छातीशी धरून ती सरांच्या घरी गेली. ते ओसरीवर पेपर वाचत होते. तिच्या हातातली फाइल बघून त्यांनी चष्मा काढला.

"वाचली तू? बरं झालं. मी सांगणारच होतो."

"सर, आमच्या सह्या आहेत याले."

"नदीसाठी दिल्या होत्या ना? नदीसाठीच वापरल्या."

"बांधापासून चाळीस पावलांवर आमची विहीर आहे."

"निशी, समजून घे बेटा. शुद्धीकरण केंद्राच्या मंजुरीत पाच वर्षं जातील. पाइपलाइन यंदाच होईल. पहिले घाट तर मोकळा होऊ दे. मग तुमच्याकडचं पाहू."

तुमच्याकडचं. चौदा महिने हा माणूस 'आपली नदी' म्हणत होता आणि त्या 'आपली'त आपण कुठवर येतो हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. घाटापर्यंत. तिथं ती नदी संपत होती बहुतेक, आणि पुढं वाहत होतं ते दुसरंच काहीतरी.

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. वर्गात गणिताचं उत्तर सांगावं तसं, अगदी शांतपणे म्हणाले, "तू पानं दिली नसती."

तिला ओरडायचं होतं. पण सर उठून उभे राहिले तेव्हा ती सवयीनं बाजूला सरली, त्यांना आत जायला वाट दिली. या सवयीचाच तिला रस्ताभर राग येत राहिला. पुलावरून उतरताना खाली काळं पाणी संथ चाललं होतं, दोन म्हशी गळ्यापर्यंत त्यात बसल्या होत्या. पंधरा दिवसांपूर्वी याच पुलावरून ती जवळजवळ पळत घरी गेली होती – मंजूर झालं, काम मंजूर झालं! सरांचा फोन आला होता. काय मंजूर झालं ते तिनं विचारलं नव्हतं. शेजारच्या रुपीबाईनं तिच्या तोंडात साखर घातली होती. विहारात बायकांनी तिला पुढं बसवलं होतं.

आई अंगणात तूर पाखडत होती. निशिगंधा तिच्यासमोर उकिडवी बसली आणि सगळं सांगितलं. आधी तुकड्यातुकड्यानं, मग सलग. पाइप कुठून येणार, कुठं सुटणार, कागद कुणाचे लागले. आई शिव्या देईल, रडेल, निदान 'त्या मास्तराचं वाटोळं होवो' म्हणेल, असं तिला वाटत होतं. तिला तेच हवं होतं. आपल्या बाजूनं कुणीतरी रागवावं.

सूप थांबलं. आईनं पदरानं हात पुसले. घराकडे, विहिरीकडे, मग लेकीच्या तोंडाकडे ती बघत राहिली. असं, की आयुष्यात पहिल्यांदाच बघते आहे.

"तुले माहीत नव्हतं ना व, निशे?"

"नाही," निशिगंधा म्हणाली.

लगेच म्हणाली. फार लगेच. खरं असूनही तो शब्द तिच्याच कानाला खोटा लागला, आणि तो पुन्हा नीट उच्चारता येईल का हे ती मनातल्या मनात घोकून बघू लागली – नाही... नाही, माय... नाही, माहीत नव्हतं मले – आणि प्रत्येक वेळी तो जास्तच शिकवल्यासारखा येत होता. संध्याकाळपर्यंत वस्तीला कळेल. मग शहाऐंशी दारांतून हेच विचारलं जाईल, किंवा त्याहून वाईट, विचारलंच जाणार नाही. सरांवरचा राग ती शोधत होती. आता या क्षणी तो तिला फार हवा होता. पण तो हाताला लागेना. आईची नजर मात्र अजून तिच्या चेहऱ्यावर होती, आणि त्या नजरेखाली स्वतःचा चेहरा कसा ठेवावा, तेच निशिगंधाला कळत नव्हतं.