दाराबाहेरची खुर्ची

"आपण सहाच जण झालो," फोन खिशात टाकत डॉक्टर बोंडे म्हणाले. "अमळनेरचे दीपकभाऊ येत नाहीत. सकाळीच त्यांना दवाखान्यात दाखल केलंय."

शालिग्रामभाऊंनी हातातली तलवार भिंतीला टेकवली. रेल्वे वसाहतीच्या टोकाला असलेल्या या फ्रीमेसन लॉजचे ते टायलर, म्हणजे दाराबाहेरचे पहारेकरी. आत सभा चालू असताना परका माणूस दाराशी येऊ द्यायचा नाही, एवढंच काम. वर्कशॉपात फिटर असताना एका पारशी फोरमनने त्यांना सभासद करून घेतलं आणि तलवार हातात दिली. स्वतःच्या दीक्षेची संध्याकाळ सोडली तर आतली सभा त्यांनी कधी पाहिली नव्हती. वाईट वाटायचं त्यांना, पण कोणीतरी बाहेर उभं राहायलाच हवं ना!

इमारत इंग्रज साहेबांनी बांधलेली. साहेब गेले, पारशी गार्ड आले, मग जळगाव-धुळ्याचे वकील-डॉक्टर आले. आता उरले होते ते गुडघे धरून पायऱ्या चढणारे. आत काय चालतं ते कळेना, म्हणून गावाने नाव ठेवलं भूतबंगला. याच भूतबंगल्याच्या जोरावर दर हिवाळ्यात यावलला डोळ्यांचं शिबिर भरायचं. सातपुड्यातल्या पाड्यांवरची माणसं मोतीबिंदू काढून घेऊन जायची आणि आशीर्वाद द्यायची डॉक्टरांना. लॉजचं नाव कुठे लावायचं नाही, अशी यांची रीत. मग लोकांनी भुतं म्हटलं तर दोष कोणाला द्यायचा?

आज लॉज कायमची बंद करायची सभा होती. ऑपरेशनचा मायक्रोस्कोप आणि बाकीचं साहित्य यावलच्या धर्मादाय दवाखान्याला देण्याचा ठराव व्हायचा होता. तो आज झाला नाही तर सगळं लॉजच्या वरच्या कचेरीत जमा आणि शिबिर कायमचं बुडालं. ठरावाला आत सात जण हवे होते.

"शालिग्रामभाऊ, तुम्ही आत या," डॉक्टर म्हणाले.

"अन् बाहेर? दाराबाहेर कोनी नसलं तं सभा उघडतच नाही ना, डॉक्टर."

ओट्यावर पिशवी घेऊन शालिग्रामभाऊंच्या पत्नी सुगंधाबाई बसल्या होत्या. सभा आटोपली की दोघांना सावद्याला भाचीच्या हळदीला जायचं होतं.

"मी बसते की," त्या म्हणाल्या.

"बाईमाणूस?" धुळ्याचे वकील चपापले. "नियमात बसत नाही हो."

"आत आल्या तर नियम मोडेल," डॉक्टर म्हणाले. "बाहेर बसायला कोण अडवतंय? मी या लॉजचा मास्टर, म्हणजे प्रमुख आहे, मी सांगतो."

शालिग्रामभाऊंनी बायकोकडे पाहिलं. लग्नानंतर काही वर्षांनी ते या लॉजमध्ये आले, तेव्हा तिने विचारलं होतं, आत काय करता? 'सांगता येत नाही, शब्द दिलाय,' ते म्हणाले होते. तिने अबोला धरला, भांडली, आणि मग विचारणंच सोडून दिलं. पण बायकोपासून झाकावं असं यांचं काय आहे, हा सल तिने कधी लपवला नाही.

"तुले जमनार का?"

"काहून नाही जमनार? जनमभर तुमची वाट पाहत बसली. आता दारापाशी बसनं काय जड शे?"

त्या खुर्चीत ताठ बसल्या. तलवार दोन्ही हातांनी मांडीवर धरली. दार लागलं.

ते उघडलं तेव्हा छगन चहावाला अंगणात उन्हात उभा होता.

"पाहा ना शालिग्रामभाऊ," तो कावला, "मावशी पायरी चढू देत नाही! चहाचं पार पानी झालं."

"सभा चालू व्हती," सुगंधाबाई म्हणाल्या. "परका मानूस."

ठराव झाला होता. म्हातारे गार चहा प्याले, एकमेकांचे हात हातात घेतले आणि आपापल्या गाड्यांना लागले. शालिग्रामभाऊ ओट्यावर टेकले. शिबिर वाचलं म्हणून बरं वाटत होतं आणि रडूही येत होतं. दोन्ही एकदमच.

"आता लॉजच नाही राह्यली," ते हळूच म्हणाले. "तुले विचारायचं व्हतं ना? आत काय असते ते सांगतो."

सुगंधाबाईंनी क्षणभर बंद दाराकडे पाहिलं. ऐकायची इच्छा चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

"नका सांगू."

"काहून?"

"लॉज बंद झाली. शब्द तुमी दिला व्हता. तो बी बंद झाला का?"

त्यांनी तलवार नवऱ्याच्या हाती दिली आणि पिशवी उचलली.

दर सभेनंतर शालिग्रामभाऊ तलवारीची मूठ फडक्याने पुसत, घामाने गंजू नये म्हणून. आजही त्यांनी फडकं काढलं. मूठ ओली होती, सुगंधाबाईंच्या तळहातांनी. त्यांनी फडकं पुन्हा खिशात ठेवलं आणि तलवार तशीच पेटीत निजवली.