टीव्हीतले गुरुजी

प्रशिक्षणाच्या शेवटच्या तासाला प्रत्येकाच्या हाती एक कागद आला. वर छापलं होतं, 'शैक्षणिक तंत्रज्ञान : माझी या वर्षाची उद्दिष्टे'. खाली तीन रेघा. बहुतेकांनी ग्रुपवर आलेला नमुना उतरवून काढला आणि बस गाठली. ओमेश्वर टेंभरे गुरुजी मात्र विचार करत बसले. हा त्यांचा जुना दोष.

त्यांनी लिहिलं : एक, शाळेला मिळालेला टीव्ही खोक्यातून बाहेर काढणे. दोन, तो लावणे. तीन, दुसरा शिक्षक मिळेपर्यंत पहिली-दुसरीसाठी स्वतःचे व्हिडिओ तयार करणे.

केंद्रप्रमुख यादोराव लांजेवारांनी कागद वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"टेंभरे, हे उद्दिष्ट आहे का तक्रार?"

"उद्दिष्टच आहे जी."

"मग त्यात 'दुसरा शिक्षक' कायले घुसवून राहिले?"

लांजेवारांनी सही ठोकली. त्यांचीही बस होती.

शाळा केशोरी गावाच्या पुढे अकरा किलोमीटरवर, एका टोलीवर, म्हणजे लहानशा वस्तीवर. एक खोली, चार वर्ग, एकोणीस पोरं. शिक्षकांची पदं दोन, त्यातलं एक तीन वर्षांपासून रिकामं. समोरासमोरच्या भिंतींवर दोन फळे होते. गुरुजी पहिली-दुसरीकडे तोंड करत, तेव्हा तिसरी-चौथीकडे पाठ असे. थोड्या वेळाने उलट. तीन वर्षांत टोलीवरच्या प्रत्येक पोराने गुरुजी निम्मे तोंडाकडून आणि निम्मे पाठीकडून पाहिले होते.

मोठं माणूस म्हणावं तर खिचडी शिजवणारी राजकुमारीबाई. पण ती बोलायची ती चुलीशी. "पेट नं वं आता," एवढंच. बायको गोंदियाला, मुलगा पुण्याला, आणि गुरुजी केशोरीत भाड्याच्या खोलीत. 'खाली बस' आणि 'पाटी काढ' सोडून दुसरं वाक्य तोंडातून निघालं नाही, असे दिवस महिन्याला वीस तरी भरत.

टीव्हीच्या खोक्यावर वर्षभर पाण्याचा माठ होता. माठ खाली आला आणि पहिलं उद्दिष्ट पूर्ण झालं. दुसऱ्याला नऊ दिवस लागले. तिसऱ्यासाठी गुरुजी रविवारी शाळेत येऊ लागले. तांदळाच्या कोठीला फोन टेकवायचा आणि रिकाम्या खोलीला शिकवायचं. पहिल्या व्हिडिओत फक्त कपाळ आलं. दुसऱ्यात पूर्ण गुरुजी आले, पण ते इतके भरभर बोलत होते की स्वतः गुरुजींनाच गणित कळलं नाही. मग त्यांना युक्ती सुचली. प्रश्न विचारायचा, मनात दहा मोजायचे आणि म्हणायचं, "शाबास!" रिकाम्या बाकांना शाबास म्हणताना पहिल्यांदा अवघड वाटलं. मग सवय झाली.

आता एका भिंतीवर टीव्हीतले गुरुजी पहिली-दुसरीला शिकवत आणि दुसऱ्या भिंतीवर खरे गुरुजी तिसरी-चौथीला.

"गुरुजी," पहिलीतला विक्की म्हणाला, "टीव्हीतले गुरुजी चांगले हायेत जी. त्यांचा फोन वाजत नाही."

यात असत्य काही नव्हतं. खऱ्या गुरुजींचा फोन दिवसातून सात वेळा वाजे. आज दुपारपर्यंत शौचालयाची माहिती, उद्या सकाळपर्यंत झाडांची.

तिसरी-चौथी लिहीत असली की गुरुजी मागे वळून बघत. हा दुसरा शिक्षक वाईट नव्हता. वेळेवर यायचा, आवाज स्वच्छ होता. एकदा त्याने विचारलं, "समजलं का?" आणि गुरुजी म्हणाले, "होव." पोरं खदखदून हसली. गुरुजीही हसले. डबा मात्र एकट्यालाच खावा लागे.

ऑगस्टात नव्या शिक्षकांच्या नेमणुकांची यादी आली. टोलीच्या शाळेपुढे नाव होतं, नूतन मेश्राम. त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. खोली मिळते काय, पाण्याचं कसं, पोरं कशी आहेत, साप निघतात काय. गुरुजींनी सगळं सविस्तर सांगितलं, सापांचं थोडं कमी करून. फोन ठेवल्यावर पाहिलं, बावीस मिनिटं झाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीला बांधून केशोरीहून एक खुर्ची आणली.

मग लांजेवारांचा फोन आला.

"टेंभरे, पदाची गरज हाय का नाही ते पाहाले साहेब येऊन राहिले. ते टीव्हीचं लफडं दाखवू नका बाप्पा. साहेब खूश झाले, का मॅडम गेली."

"नाही दाखवत जी."

"माहीत हाय मले तुमचं. म्हणूनच सांगून राहिलो."

त्या दिवशी गुरुजींनी टीव्हीवर चादर टाकली. साहेब अकराला आले. तिसरी-चौथीला गुरुजी भागाकार शिकवत होते आणि त्यांच्या पाठीमागे पहिली-दुसरी ठरल्याप्रमाणे बोंबलत होती. एकजण रडत होता. शिक्षकाची गरज रस्त्यावरून ऐकू येत होती. साहेबांनी काहीतरी लिहिलं. काम झालं होतं.

जाता जाता साहेबांनी दुसरीतल्या चंदाला उभं केलं. "सत्तावीस आणि पाच किती?"

चंदा चादरीकडे बघत उभी राहिली. हातच्याची बेरीज ती त्या चादरीखालच्या माणसाकडून शिकली होती. साहेब म्हणाले, "दुसरीला साधी बेरीज येत नाही?" चंदाचा ओठ थरथरला.

इथे गुरुजींनी फक्त गप्प राहायचं होतं. पण चोवीस वर्षांची नोकरी. साहेबाच्या मागे उभं राहून पोरांना बोटं दाखवण्यात, ओठ हलवण्यात हयात गेलेली. साहेबासमोर पोर अडलं की मास्तरचं अंग आपोआप हलतं, त्याला डोक्याची परवानगी लागत नाही. चादर कधी ओढली, बटण कधी दाबलं, त्यांना कळलंच नाही.

"अठ्ठावीस आणि सहा?" टीव्हीतल्या गुरुजींनी विचारलं आणि ते थांबले.

"चौतीस!" पहिली-दुसरी एका सुरात ओरडली. रडणाराही ओरडला.

"शाबास!"

"आणि सत्तावीस अन् पाच बत्तीस," चंदा साहेबांना म्हणाली. न विचारता.

साहेब पाऊण तास बसले, नव्या खुर्चीवर. मोबाइलवर शूटिंग केलं. शेरेबहीत लिहिलं, 'एक शिक्षक असूनही चारही वर्गांचे अध्यापन उत्कृष्ट. दुसऱ्या शिक्षकाची तूर्त निकड दिसत नाही. अभिनंदन.'

नूतनची ऑर्डर सौंदडच्या शाळेकडे फिरली. तिने फोन केला.

"काऊन केलं जी सर असं?"

"पोरगी गप्प उभी होती."

"हं," ती म्हणाली. ती पण मास्तरीणच.

डिसेंबरात गुरुजींना सन्मानाने बोलावणं आलं. एकेकट्याने शाळा चालवणारे चाळीस शिक्षक एका सभागृहात जमवले होते, आणि दुसऱ्या शिक्षकावाचून कसं भागवावं हे टेंभरे गुरुजींनी त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी अर्ध्या तासात दाखवलं. टाळ्या पडल्या. मग जेवणाची सुट्टी झाली.

शेजारी श्यामलाल नावाचे गुरुजी बसले. चोरखमाऱ्याकडची शाळा, पाच वर्षं एकटे. टेंभरे गुरुजींनी चौथीच्या अपूर्णांकांपासून सुरुवात केली. त्याच क्षणी श्यामलालनी आपल्या गळक्या छपरापासून केली. दोघंही थांबले नाहीत. अपूर्णांक संपून साप आले, छप्पर संपून मुख्याध्यापकाचा चार्ज आला. पंगतीत एकेचाळीस ताटं होती, एकेचाळीस जण बोलत होते आणि ऐकणारा कोणी नव्हता. आवाज इतका, की आतला आचारी भांडण लागलं समजून बाहेर आला.

"गुरुजी, जेवा नं. भात थंडा होऊन राहिला."

"होव, होव," दोघंही म्हणाले आणि आपापलं पुढे सांगू लागले.