शकूआत्याचा पाण्याचा बॅनर

पाणी तुम्ही सोडता, पालिकेचे साहेब, आणि ते कधी सोडता हे आम्हाला कळू नये याची काळजीही तुम्हीच घेता. वेळापत्रक जाहीर केलंय म्हणता. केलंत की. वाकडा स्कॅन केलेला कागद, त्याची पीडीएफ, ती तुमच्या वेबसाइटच्या कुठल्यातरी कोपऱ्यात, अक्षर मुंगीएवढं. त्यात आमच्या कोळीवाड्याचं नाव नाही, नुसते झोनचे आकडे. कोण कुठल्या झोनमध्ये राहतो हे फक्त तुम्हाला माहीत. साधा माणूस काही लपवायचं असलं तर कुलूप लावतो. तुम्ही तक्ता छापता.

मी प्रांजल. पनवेलच्या बाजारात केतनशेठचं फ्लेक्सचं दुकान आहे, तिथे कॉम्प्युटरवर बसते. शहरातले निम्मे वाढदिवस माझ्या हाताखालून गेलेत. भाऊंचा चेहरा मोठा, दादांचा मध्यम, खाली शुभेच्छुकांची रांग, ज्याला त्याला गॉगल. डिझाइनच्या कॉलेजचं तोंड मी पाहिलेलं नाही. जे आलं ते इंटरनेटवरून, दुपारी गिऱ्हाईक नसताना.

आणि काय काय असतं तिथे. कुणीतरी आगगाड्यांचं अख्खं वेळापत्रक तिरप्या रेघांनी काढलेलं. रेघ जितकी उभी तितकी गाडी जोरात. कुणी आपल्या गावाचं ऊन नुसत्या रंगीत पट्ट्यांत मांडलेलं, आकडा एकही नाही, तरी बघून घशाला कोरड पडते. एके ठिकाणी देवनागरी अक्षरं बनवणारे लोक ‘क’चं पोट किती भरलेलं असावं यावरून कडाकडा भांडत होते. डबा उघडा ठेवून मी ते भांडण शेवटपर्यंत वाचलं. असल्या गोष्टीवर माणसं भांडतात हेच मला नवीन होतं. दुसऱ्या दिवशी एका भाऊंच्या वाढदिवसाला मी ‘क’चं पोट जरा आवरलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला मात्र दिवसभर छान वाटत राहिलं.

आमच्या शेजारी शकूआत्या राहते. मासे विकते. पहाटे टेम्पोने करंजाच्या बंदरावर जाते, माल आणते आणि मग बाजारात बसते. मुलगा बोटीवर असतो, त्यामुळे घरात पाणी भरायला ती एकटीच. नळ एक दिवसाआड. वेळ चुकली की पुढचे दोन दिवस तिने हंडा घेऊन दारोदार फिरायचं. पाण्यासाठी घरी थांबावं तर करंजाला चांगला माल दुसऱ्या बायका उचलतात.

एकदा ती दुकानात आली आणि माझ्या स्क्रीनकडे बघत उभी राहिली.

“काय गो, दिवसभर लोकांची थोबाडं गोरी करतंस. पानी कवा येल ते नाय काय तुज्या कंपूटरमंदी?”

“आहे आत्या. पण वाचता येत नाही.”

“मंग शिकलीस काय इतकी वर्सं?”

केतनशेठ मागे खुदकन हसला. मला राग आला, आणि राग आला की मला काम सुचतं.

नळाचं पाणी सोडणाऱ्या वॉलमनला चहा पाजून मी आधी झोन समजून घेतले. मग तुमची ती पीडीएफ मोठी करून करून वाचली आणि बॅनर केला. स्वच्छ पांढरी जमीन. वरची आळी, मधली आळी, खालची आळी, असे तीन आडवे पट्टे. डावीकडे पहाट, उजवीकडे रात्र. नळाला पाणी असेल तेवढाच तुकडा निळा. सम तारखा वरच्या अर्ध्यात, विषम खालच्या. अक्षर असं निवडलं की पलीकडच्या फुटपाथवरून वाचता यावं. जितकं शिकले होते ते सगळं त्यात ओतलं.

केतनशेठने बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “एवढं पांढरं कशाला सोडलंस? लोकांना वाटेल मशीन बिघडली.”

“शेठ, डोळ्याला विसावा पाहिजे.”

“विसावा घ्यायला लोकांना घरं आहेत. मागून सूर्याची किरणं टाक आणि कडेला दोन फुगे सोड.”

मी ऐकलं नाही. सकाळी कोळीवाड्याच्या नाक्यावर बॅनर लागला. समोर फुजैलभाईंचं मोबाइलचं दुकान आहे, त्यांच्या पायरीवर बसून मी बघत राहिले. लोक यायचे, मान वर करायचे, बॅनरच्या वरच्या बाजूला काहीतरी शोधायचे आणि सावकाश चालू लागायचे. एका म्हाताऱ्याने चप्पल काढली. हात जोडले. मग निघून गेला.

फुजैलभाई दुकानातून बाहेर आले. आवाज खाली आणून म्हणाले, “प्रांजल, बहोत अफसोस झाला. कोण गेलं?”

“कोण गेलं म्हणजे?”

“श्रद्धांजलीचा बॅनर आहे ना? सगळं पांढरं, मध्ये साधं अक्षर. फोटो अजून मिळाला नसेल घरच्यांकडून.”

दुपारपर्यंत कुणीतरी त्याला झेंडूचा हार घातला. संध्याकाळी मधल्या आळीतली सुनीताकाकू आमच्या आईकडे पिठलं-भाकरी घेऊन आली, कारण बॅनर माझ्या दुकानचा, म्हणजे दुःख आमच्याच घरातलं असणार. आईने पिठलं ठेवून घेतलं आणि काकूला खरं काय ते सांगितलं. दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मी हसले नाही.

शकूआत्याला त्या दिवशीही पाणी मिळालं नाही. तिने बॅनर बघितला होता. “मला वाटलां, आपल्याला काय त्याचां, कोन मेलाय त्याला पुढं कवातरी भेटून येव.” आता मेलेल्याला भेटून कसं येणार हे विचारायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

रात्रभर धुसफुसून सकाळी दुकानात आले आणि शांतपणे विचार केला. चूक लोकांची नव्हती. आमच्या गावात बॅनर कसा वाचतात? आधी चेहरा, मग चेहऱ्याचा आकार, मग नाव. मजकूर सगळ्यात शेवटी, तोही रिक्षा सुटली नसेल तर. हे वाचन मीच शिकवलंय त्यांना, वाढदिवसामागून वाढदिवस. परदेशातल्या कुणाची तरी पांढरी जागा आणून इथे टांगायची, तर आधी इथलं वाचन बघायला नको?

मी शकूआत्याला बोलावलं. “नऊवारी नेस, दागिने घाल, केसात अबोली माळ. फोटो काढायचाय.”

“माजा? कशाला? मी कुटं मेलंय?”

“मेली नाहीस म्हणूनच.”

तिने एकच अट घातली. “माजा फोटू सगल्यांत मोठा. शेठचा नको त्यात.” केतनशेठने स्वतःचा फोटो आधीच काढून ठेवला होता, तो त्याने गपचूप खिशात घातला.

नवीन बॅनर झाला. वर शकूआत्या, नावासकट, सोन्याने मढलेली, एक हात पुढे करून निळ्या तुकड्यांकडे बोट दाखवतेय. मागे किरणं, शेठच्या समाधानासाठी. पट्टे तेच, रंग तोच. फक्त प्रत्येक पट्ट्याच्या सुरुवातीला आळीच्या नावाऐवजी त्या आळीतल्या एका बाईचा चेहरा. वरच्या आळीची दमयंतीआजी, मधल्या आळीची सुनीताकाकू, खालच्या आळीची निशावहिनी. आपली आळी कुठली ते वाचायची गरजच नाही. ओळखीचं तोंड शोधायचं आणि त्याच्यासमोर निळं कुठे आहे ते बघायचं.

साहेब, नाक्यावर जत्रा भरली. पोरं फोटो काढत होती. दमयंतीआजी स्वतःसमोर उभी राहून “मी जरा सावळी आलंय” म्हणत होती. आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांच्या तोंडी भाषाच वेगळी आली. “आज सुनीता लवकर हाय, चल.” “निशाला दुपारी पानी, मी तवर झोपतो.” फुजैलभाईंनी तर मला दुकानात बोलावून चहा दिला. त्यांच्या घरची, शाजियाभाभी, माहेरी उरणला होती. ती फोनवर म्हणाली, तिकडे पण असा बॅनर पाहिजे, आणि तिच्या अम्मीचा फोटो तयार आहे.

शकूआत्याने बॅनर बघून टेम्पोवाल्याशी बोलून घेतलं. विषम तारखेला ती करंजाहून लवकर निघायची, टोपली दारात ठेवायची आणि नळाला सू आवाज यायच्या आत हंडा लावून उभी असायची. एकही पाणी चुकलं नाही. एके दिवशी माझ्यासाठी दुकानात ताजे बोंबील घेऊन आली. केतनशेठ म्हणाला, “एसीत वास राहील.” ती म्हणाली, “राहू दे, गिऱ्हाईकाला भूक लागंल.”

मग निवडणूक जाहीर झाली.

गॉगलवाले भाऊ शाल घेऊन शकूआत्याकडे आले. नाक्यावर एवढा मोठा बॅनर म्हणजे बाई उभी राहणार, असा त्यांचा हिशोब. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षाचे दादा आले, त्यांचीही शाल. आत्याने दोघांच्या शाली घेतल्या आणि दोघांना विचारलं, “पापलेट नेताव का? आज सस्ता हाय.” दोघांनी नेला. नाही म्हणायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी तुमची जीप आली. मी तिथेच होते. तुमच्या माणसाने शिडी लावली.

मी म्हटलं, “अहो, हे पाण्याचं वेळापत्रक आहे.”

“चेहरा आहे. नाव आहे. हात पुढे केलाय. आचारसंहितेत बसत नाही.”

“ती उभी नाहीये कुठेच.”

“मग एवढा मोठा फोटो कशाला?”

मी तुमच्या ऑफिसात आले. तिथे सांगितलं, चेहरे काढा, मग लावा. चेहरे काढले की काय होतं ते मी सांगितलं. हाराचंही सांगितलं. तुमचे लोक हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण बॅनर दिला नाही. निवडणूक झाली की घेऊन जा म्हणाले.

निवडणूक झाली. निकाल लागला. जिंकलेल्यांचे बॅनर शहरभर लागले, ते मीच केले, चेहरे दारापेक्षा मोठे आहेत, त्यांना तुमच्या जीपने हात लावलेला नाही. आमचा बॅनर तुमच्या गोदामात आहे. वॉलमन म्हणाला, मधल्या काळात तुम्ही आळ्यांच्या वेळाही बदलल्यात आणि नवीन पीडीएफ टाकलीत. ती मी उघडली. यावेळी ती आडवी स्कॅन केलेली आहे.

काल विषम तारीख होती. शकूआत्या नेहमीच्या वेळेला टोपली ठेवून नळाशी उभी राहिली. पाणी तिच्या आधीच येऊन गेलं होतं. रिकामा हंडा घेऊन ती थेट दुकानात आली, माझ्या टेबलावर ठेवला, आणि म्हणाली, “तुज्या सायबाला इचार.”

म्हणून विचारतेय. हंडा अजून टेबलावर आहे, आत्या बाकड्यावर बसून वाट बघतेय. आमचा बॅनर कुठल्या दिवशी परत देताय, आणि आमच्या तिन्ही आळ्यांना पाणी आता किती वाजता सोडताय? उत्तर लेखी द्या, खाली सही करा, आणि अक्षर मोठं काढा.