न ऐकलेलं पान

शाळा सुटली की खालचे वर्ग ओस पडायचे आणि वरच्या मजल्यावरच्या वाचनालयात बाईंचा वर्ग भरायचा. तिसरी-चौथीतली निवडक पोरं, आणि त्यांच्या इयत्तेच्या पार पुढची पुस्तकं. मुख्याध्यापक त्याला 'प्रगत वाचन व शब्दसंपत्ती उपक्रम' म्हणायचे, कारण साधं बोलणं त्यांना जमायचंच नाही. बाकीची पोरं 'शहाण्यांचा वर्ग' म्हणायची, आणि त्यात जेवढा हेवा तेवढीच टिंगल असायची. बाई नुसतं 'वरचा वर्ग' म्हणायच्या. त्यांचा नवरा म्हणायचा, "घरी पाहुणे उपाशी राहिले तरी चालतील, पण हिचा वरचा वर्ग बुडता कामा नये." हे म्हणणं काही फार खोटं नव्हतं.

बाईंचे नियम पक्के होते. निवड तोंडी व्हायची. न समजता फडाफडा वाचणाऱ्या पोपटांचा त्यांना मनस्वी कंटाळा. पोराला शब्द कळतो का, तो बोलताना वापरता येतो का, हे त्या गप्पा मारत बघायच्या. "वाचता काय, सगळ्यांनाच येतं," असं त्यांचं म्हणणं. पुढच्या आठवड्याची पानं आधीच घरी जायची, म्हणजे घरच्यांच्या सोबतीनं ती डोळ्यांखालून जावीत. वर्गातही आधी बाई सगळं पान मोठ्यानं वाचायच्या, कारण चांगला शब्द पहिल्यांदा कानावर पडावा. मग मुलं पाळीपाळीनं वाचायची. नियम उत्तमच होते हो. पुढे जे झालं ते या उत्तम नियमांमुळेच झालं.

वर्गातली सगळ्यात लाडकी होती आजीबाई. वय वर्षं आठ, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. नाव पोरांनीच ठेवलेलं, कारण ती बोलायचीच तशी. शेजारच्या पोरानं तिच्या दप्तरावर पाणी सांडलं, तर ही म्हणते, "असू दे, अनवधानानं झालं." डबा संपवला नाहीस का म्हणून विचारलं, तर "आज माझा नाइलाज झाला." बाई कौतुकानं तिच्याकडे बघत राहायच्या. ती नेहमी शेवटच्या बाकावर बसायची, त्यामुळे वाचायची पाळीही शेवटची. पण वाचायला लागली की अख्खा वर्ग गप्प. एकदा मात्र वाचता वाचता ती म्हणाली, "तो दारापाशी थबकला स्वल्पविराम आणि मागे वळला." पोरं खो-खो हसली. बाईंच्याही डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. तिचे आजोबा जन्मभर छापखान्यात होते. तिथे एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्यानं छापलेल्या मजकुरावर पेन्सिल फिरवून चुका पकडायच्या, अशी पद्धत. आजोबा वाचणारे. म्हणून नातीलाही सवय लागली असणार, असं बाईंनी धरलं आणि घरी जाऊन हा किस्सा नवऱ्याला रंगवून सांगितला. तिथेच डोकं चालवायला हवं होतं. पण लाडकं पोर म्हटलं की भल्याभल्यांचं डोकं चालत नाही.

मग आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आजीबाई काही दिवस आलीच नाही. आली तेव्हा तोंडाला कुलूप. पाळी आल्यावर उभी राहिली, पहिल्या चार ओळी नेहमीसारख्या वाचल्या, मग अडखळली, भलतंच काहीतरी बोलली आणि खाली बसली. पुढच्या वेळी म्हणाली, "बाई, आज नको." त्याच्या पुढच्या वेळीही तेच. पोरीनं हाय खाल्ली आहे, असं बाईंना वाटलं. इकडे मुख्याध्यापकांनी मागे लकडा लावलेला. पालक आणि संस्थेची माणसं वर्ग बघायला येणार होती, वर्ग पुढच्या वर्षी चालू ठेवायचा की नाही ते त्यांच्या हातात होतं, आणि वाचायला आजीबाईच हवी होती. शेवटी एका शनिवारी दुपारी बाई तिच्या घरी गेल्या.

दुकानाच्या वर दोन खोल्यांचं घर. आई कपड्यांना इस्त्री करत होती. "या ना बाई, बसा. ती मामंजींना वाचून दाखवतेय. रोज दाखवते. तेवढाच त्यांना विरंगुळा," ती म्हणाली.

आतल्या खोलीत आजोबा उशांना टेकून पडले होते आणि पलंगाच्या कडेला आजीबाई मांडीवर जाडं पुस्तक घेऊन वाचत होती. किती सुंदर वाचत होती! बोट बंदराला लागलीय, खलाशी उतरतायत, कोणी कोणाला हाका मारतंय. बाई तिच्या पाठीमागे उभ्या राहून ऐकत राहिल्या. इतक्यात आजोबांनी डावा हात पुढे केला आणि पुस्तकाची पाच-सहा पानं मागे उलटली. आधीचं काहीतरी त्यांना पुन्हा ऐकायचं असावं. आजीबाईनं उघडलेल्या पानाकडे बघितलं आणि वाचन तसंच पुढे चालू ठेवलं. समोर पानावर वादळाचं चित्र, आणि हिच्या तोंडी बंदर.

आजोबांनी मान वळवून बाईंकडे बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळलं. त्यांना हे आत्ता कळलं होतं की आधीपासून ठाऊक होतं, ते बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

बाई तिला बाहेर गॅलरीत घेऊन आल्या. समोरच्या दुकानाच्या पाटीकडे हात केला. "काय लिहिलंय?"

"औषधांचं दुकान."

"औषधं मलाही दिसतायत. पाटीवर काय लिहिलंय?"

पोर पाटीकडे बघत राहिली. मग खालमानेनं म्हणाली, "बाई, आईला सांगू नका ना."

"अक्षरं तरी येतात का?"

"सुटी सुटी येतात. खूप एकत्र आली की मला काहीच सुचत नाही."

"अगं, मग इतकी वर्षं कोणाला सांगितलं का नाहीस?"

"कोणी विचारलंच नाही. सगळे आधीच वाचून दाखवायचे. पहिलीपासून आजोबा सगळी पुस्तकं वाचून दाखवायचे, मग मला पाठच व्हायची. नंतर तुम्हीपण दाखवायच्या. पण वर्गात एकदाच ऐकून सगळं नाही राहत."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. एवढे मोठमोठे शब्द कळणारी पोर वाचतही असणार, हे बाईंनी गृहीतच धरलं होतं. लेखी पेपरात तिला कमी गुण पडायचे, तेव्हा वर्गशिक्षक म्हणायचे, हुशार पोरांचं अक्षर वाईटच असतं. बाईंना स्वतःचाच राग आला.

"मला काढून टाकाल ना वर्गातून?" आजीबाईनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता रडायलाच लागली. "काढा, पण आधी शिकवा. मला गोष्टींची चारच पुस्तकं पाठ आहेत, बाई. ती संपली. आजोबांना कपाटातलं वरचं हवंय. मी चौथीत गेले की ते वाचणार होतो आम्ही. ते सारखं बोट दाखवतात आणि मी म्हणते, उद्या. डॉक्टर बाबांना म्हणाले, आता फार दिवस नाहीत. मी ऐकलंय."

तर असं होतं. वर्ग राहतो की जातो ही बाईंची काळजी त्या एका वाक्यापुढे फिकी पडली. निदान पडायला हवी होती. खरं सांगायचं, तर माणसाचं मन काही इतकं सरळ नसतं. सोमवारी वर्गानंतर तिला थांबवून घेतल्यावर बाईंनी बाराखडी काढायच्या आधी पाहुण्यांसमोर वाचायचं पान काढलं. दोन-तीनदा ऐकवलं की हिला पाठ होणार. कोणाला पत्ता लागणार होता? आधी वर्ग वाचवू, मग निवांत शिकवू. त्यांनी घसा साफ केला आणि पहिली ओळ वाचायला सुरुवात केली.

आजीबाईनं दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले. "नका ना वाचू, बाई! ऐकलं की पाठ होतं. मग माझे डोळे कामच करत नाहीत."

बाईंनी पान मिटलं. वरमलेल्या माणसाला करायला काहीतरी लागतं, म्हणून त्या उगाच खिडकी बंद करून आल्या. मग फळ्यापाशी गेल्या आणि तोंडातून अवाक्षर न काढता एक शब्द लिहिला.

त्या दिवसापासून त्यांनी तिला काहीही वाचून दाखवलं नाही. वर्गात बाईंचं वाचन सुरू झालं की आजीबाई बाहेर पायरीवर जाऊन बसायची. पहिलीची पुस्तकं निरुपयोगी, कारण ती तिला तोंडपाठ. म्हणून बाई घरी बसून कधी कोणी न ऐकलेली वाक्यं कागदावर लिहून आणायच्या. मांजरानं मुख्याध्यापकांचा चष्मा पळवला, असली. पोर एकेक अक्षर लावत जायची, घामाघूम व्हायची, आणि मग एकदम ओरडायची, "अय्या, हे 'अनवधान' आहे! असं दिसतं होय ते?" रोज फोनवर बोलणारं माणूस पहिल्यांदा समोर यावं, तसं तिचं व्हायचं. शब्द सगळे तिचेच होते, तिनं फक्त त्यांचे चेहरे बघितले नव्हते. त्यामुळे ती भराभर पुढे गेली. तरी भराभर म्हणजे किती? दुसरीतलं पोर जितपत वाचेल, तितपत.

मुख्याध्यापकांना बाईंनी सगळं खरं सांगितलं. ते डोक्याला हात लावून बसले. "अहो, वाचन वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी आणि तिला वाचता येत नाही? हे बाहेर कळलं तर शोभा होईल आपली!"

"होऊ दे. पण ती पाठ करून म्हणणार नाही," बाई म्हणाल्या.

पाहुण्यांसमोर दुसऱ्या मुलानं वाचलं. बरं वाचलं. पाहुणे चहा पिऊन, "पुढच्या वर्षाचं बघू," म्हणाले, आणि या 'बघू'चा अर्थ सगळ्यांनाच कळतो. बाई जिना उतरायला लागल्या. त्या मधल्या पायरीवर थोडा वेळ थांबल्या, मग घरी गेल्या.

कपाटातलं वरचं पुस्तक अखेर खाली आलं. पहिलं पान वाचायला आजीबाईला अख्खी दुपार लागली. काना राहत होता, वेलांटी चुकत होती, जोडाक्षर आलं की गाडी रुतत होती. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. तिनं पहिली चूक केली तेव्हा त्यांच्या डाव्या हाताचं बोट उठलं आणि पलंगाच्या लोखंडी पट्टीवर टक्‌ करून वाजलं. पोर थांबली, परत बघितलं, शब्द दुरुस्त केला. बोट पट्टीवर निवांत पडलं. दाराशी उभ्या असलेल्या आईनं पदर तोंडाला लावला. तोंड गेलं होतं, अंग गेलं होतं, पण म्हाताऱ्याचा कान शाबूत होता. त्या दिवशी किती टकटक झाली याची मोजदाद नाही. बाई निघाल्या तेव्हा आजीबाई त्यांना म्हणाली, "आज आजोबा हसले. डाव्या बाजूनं."

मग तसंच चालू राहिलं. शनिवारी बाई जायच्या आणि खुर्चीत गुपचूप बसायच्या. चूक दिसली तरी बोलायचं नाही, ते काम आजोबांच्या बोटाचं. टकटक कमी होत गेली. थोडी पोरीची प्रगती म्हणून, आणि थोडी बोटाला आता उठायला वेळ लागायचा म्हणून. तिसरं प्रकरण सुरू झालं तेव्हा आजोबा काही गिळेनासे झाले होते. आई चमच्यानं नुसते ओठ ओले करायची.

त्या शनिवारी ऊन पलंगाच्या पायथ्यापर्यंत आलं होतं. आजीबाई बोटानं ओळ धरून वाचत होती. चांगली वाचत होती, जवळजवळ न थांबता. पानाच्या मध्यावर तिनं एक शब्द चुकीचा वाचला.

बाई सवयीनं गप्प राहिल्या. आजीबाईलाही चूक कळली असावी, कारण ती थांबली. तिनं आजोबांच्या चेहऱ्याकडे नाही, पट्टीवरच्या बोटाकडे बघितलं. बोट तसंच पडून होतं. तिनं तोच शब्द पुन्हा तसाच चुकीचा वाचला, जरा मोठ्यानं, आणि वाट बघितली. मग अजून एकदा.

बाई खुर्चीतून उठल्या. दारातून आई पुढे आली आणि जागच्या जागी थबकली. आजीबाईनं वर बघितलं नाही. तिनं आपलं बोट त्या शब्दावर परत नेलं, अक्षरं एकेक करून लावली, तो बरोबर वाचला आणि पुढे वाचत राहिली. पान संपेपर्यंत तिला कोणी थांबवलं नाही.