भाऊ केळुसकरांची पत्रं

मुलुंडला आमचं एक छोटं रेडिओ केंद्र आहे. नाहूर, भांडुपपर्यंत ऐकू येतं, पुढे नुसती खरखर. तिथे मी लादी पुसते, चहा करते. सकाळी सात ते आठ भाऊ केळुसकर बोलतात. अठरा वर्षं झाली. कुठल्या गल्लीत पाणी येणार नाही, कोणाच्या नातवाला नोकरी लागली, कोण गेलं, सगळं भाऊंनीच सांगायचं. एकदा म्हणाले, "पाच रस्ता नाक्यावर रिक्षात कवळी सापडली आहे. ज्यांची असेल त्यांनी फोनवर बोलायचा प्रयत्न करू नये, सरळ यावं." तीन माणसं आली.

पण लोकांचा खरा जीव ऐकणाऱ्यांनी पाठवलेल्या पत्रांवर. साडेसातला भाऊ माइकजवळ कागद उलगडायचे. तो आवाज आला की बायका गॅस बारीक करायच्या.

मला अक्षरओळख बावन्नाव्या वर्षी झाली, तीही भाऊंमुळे. प्रौढांच्या वर्गाची माहिती देताना ते रेडिओवरच म्हणाले, "आत्ता माझ्यासमोर काच पुसणाऱ्या द्रौपदीबाईंनीही जावं. आता अख्खं मुलुंड विचारील त्यांना." विचारलंही. भाजीवालीसुद्धा विचारायला लागली. जावंच लागलं.

दोन वर्षांपूर्वी भाऊंची नजर गेली. माणसं ओळखायचे, चालायचे, पण अक्षर दिसेना. डॉक्टर म्हणाले, आता सुधारणार नाही. हे मला एकटीला माहीत. रोज सकाळी सहाला मी पत्रं वाचायची, भाऊ ती पाठ करायचे आणि साडेसातला कागद समोर धरून म्हणायचे.

"गंधालीला सांगून टाका," मी म्हणायची. गंधाली केंद्राची मुख्य. तिशीची पोर, कामाला चोख.

"सांगितलं की शाल, नारळ आणि घर. घरी कोण आहे गो माझं? सकाळी सात वाजता भिंतीशी बोलू? वाच तू, पुढचं वाच."

गेल्या मार्चमधली गोष्ट. सात पंचवीसला नितेश नावाचा मुलगा धापा टाकत आला. गंधालीने त्याच्या हातातलं पत्र घेतलं आणि गाणं चालू असतानाच आत जाऊन भाऊंना दिलं.

"भाऊ, आज हेच घ्या. ह्याच्या आईचं आहे. त्यांची बिल्डिंग पाडतायत, आठला टेम्पो येतोय. बदलापूरला चाललेत, तिथे आपण ऐकू येत नाही ना."

मी कप विसळत होते. मला कळेपर्यंत गाणं संपलं.

भाऊंनी कागद उलगडला. "आजचं पत्र..." म्हणाले आणि थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. काचेपलीकडून गंधाली हात हलवून सांगत होती, बोला, बोला.

दारावर लाल दिवा असताना आत जायचं नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. पदराला हात पुसले आणि गेले.

"भाऊ, चहा निवतोय तुमचा. तुम्ही प्या. मी वाचते."

मी बोट ठेवून वाचते. जोडाक्षर आलं की अडते. भाऊंसमोर त्याची लाज नव्हती. आता भांडुपपर्यंत सगळे ऐकत होते.

"भाऊंना सुलक्षणाचा नमस्कार. एकदा तुम्ही पाणी येणार नाही म्हणालात. मी घरभर बादल्या भरल्या आणि पाणी आलं. तेवढं सोडलं तर अठरा वर्षांत तुम्ही आम्हाला फसवलं नाहीत. आमचे हे गेले, मुलगा रात्रपाळीला. घरात कोणी बोलणारं नसायचं. सातला तुम्ही नमस्कार म्हणायचात, मीही म्हणायची. आज शेवटचा."

भाऊंनी माइक जवळ ओढला.

"सुलक्षणाताई, फसवलंय मी. दोन वर्षं मला अक्षर दिसत नाही. पत्रं ह्या द्रौपदीबाई वाचतात, मी पाठ करून म्हणतो. आणि ह्यांनी चहा आणलेलाच नाही, थाप मारतायत. टेम्पोत बसायच्या आधी एवढं ऐकून जा."

नितेश फोन कानाला लावून दारातून डोकावला. "भाऊ, आई म्हणतेय, बादल्यांचंही कबूल करा!"

"तेही कबूल," भाऊ म्हणाले. "नमस्कार, ताई."

आठ वाजता गंधाली आत आली. तोंड लाल झालेलं.

"दोन वर्षं, भाऊ? मला कळू दिलं नाहीत?"

"तू घरी पाठवलं असतंस."

"हो. पाठवलंच असतं."

तेवढ्यात फोन वाजला. गव्हाणपाड्यातले एक गृहस्थ होते. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "ती बाई फार हळू वाचते हो. माझी पोळी करपली. पण शब्द न् शब्द कळला. उद्या कोणाचं पत्र आहे?"

गंधालीने फोन ठेवला. मग बाहेर गेली आणि आपल्याच टेबलाची खुर्ची उचलून आत घेऊन आली.

"बाई, उद्यापासून इथे बसायचं. आणि सहाला ह्यांना आधी काही वाचून दाखवायचं नाही. लोकांबरोबर ह्यांनीही पहिल्यांदाच ऐकायचं."

"मग मी काय करायचं?" भाऊंनी विचारलं.

"उत्तर द्यायचं."