रिठ्यानं न्हालेली मोटार

मी चारठाण्याच्या गोविंदरावांची काळी मोटार बोलतेय. परसात, न्हाणीच्या भिंतीशी उभी आहे, तीच मी. चालणं बंद झालं, बोलणं अजून चालू आहे. रिठ्याच्या पाण्यानं मोटारीचा मळ खरंच निघतो का, असा वाद कधी तुमच्या कानावर आला, तर दुकानदाराला विचारू नका. त्याला बाटल्या खपवायच्या असतात. मला विचारा, कारण बाटली आणि रिठे, दोन्ही माझ्याच अंगावर आजमावून झालेत.

जन्म दूरच्या कारखान्यातला. पहिले मालक गंगाखेडचे एक वकील. ते फक्त समोरची काच पुसायचे, तीही चष्म्याच्या फडक्यानं. त्र्याऐंशी साली गोविंदरावांनी मला घेतलं, तेव्हा माझा मूळ रंग कोणता यावर गावात दोन तट पडले. गोविंदराव कापूस पिकवणारे, मनानं चांगले, पण मोठेपणाची भारी हौस. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला इतकं पुसलं, की त्यांच्या पत्नी धुरपताबाई म्हणाल्या, "म्हशीला येवढं चोळलं असतं तर शेरभर दूध तरी वाढलं असतं."

मला धुवायची जागा परसातच. तिथलं सांडपाणी पाटानं धुरपताबाईंच्या चमकुऱ्याला जायचं. अळूला आमच्याकडं चमकुरा म्हणतात. त्याचा गड्डा त्यांनी लग्नानंतर माहेराहून पदरात बांधून आणला होता. पानं सुपाएवढी व्हायची. "माज्या मायच्या हातचं येवढंच उरलंय," असं त्या आपल्या लेकीला, हेमाला सांगायच्या.

मग गोविंदरावांनी परभणीहून मोटार धुवायची निळी बाटली आणली. तिच्या पाण्यानं मी चकाकले, नाकारत नाही. अंग मात्र दिवसभर चुरचुरलं. आठ दिवसांत चमकुऱ्याची पानं कडेनं करपली आणि महिन्यात अर्धा वाफा बसला. धुरपताबाईंनी ती बाटली आणून नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"वरणात घालू का? माज्या चमकुऱ्याला पाजायलाव, तर तुमी बी चाखा."

"मग मोटार कशानं धुवायची?"

"रिठ्यानं. माजे केस, माजं लुगडं, गळ्यातली बोरमाळ, समदं रिठ्यानं निघतंय. तुमची मोटार काय आभाळातून पडली का?"

गोविंदरावांनी अट घातली. येत्या गुरुवारी हेमाला पाहायला गंगाखेडहून पाहुणे येणार होते आणि त्यांना आणायला मी सेलूच्या स्टेशनावर जाणार होते. "पाव्हन्यांनी मोटार बघून नाक मुरडलं तर रिठे बंद. बाटली चालू, आन् तुझ्या चमकुऱ्यावर शहाबादी फरशी."

"चालंल," धुरपताबाई म्हणाल्या. आवाज खणखणीत होता, पण वाफ्याकडं वळल्यावर त्यांनी डोळे पुसले ते मी पाहिलं. मला फार वाईट वाटलं.

गुरुवारी सकाळी त्यांनी भिजवलेले रिठे कुस्करले, उकळले, गाळले आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यानं मला धुतलं. फेस बेताचाच, बाटलीसारखा डोंगर नाही. पण धूळ, चिखल, कावळ्यांची मेहरबानी, सगळं निथळून गेलं. डांबराचे ठिपके तेवढे हलले नाहीत. खोटं कशाला बोलू? बाकी मी लख्ख निघाले. बाई इथंच थांबल्या असत्या तर जिंकल्या होत्या.

पण आमच्याकडं रिठ्यानं न्हालेली बाई कोरड्या डोक्यानं उंबऱ्याबाहेर पडत नाही. न्हाणं झालं की तेल. धुरपताबाईंच्या हाताला जन्माची ती सवय. त्यांनी करडईच्या तेलाची वाटी आणली आणि टपापासून खालपर्यंत मला दोन्ही तळव्यांनी चोळलं. टपावर तर थोपटलंसुद्धा. मी अशी झळकले, की गोविंदरावांनी माझ्या दाराच्या पत्र्यात बघून मिशी बसवली.

"बरं निघालं की गं," म्हणाले.

सेलूचा रस्ता तेव्हा कच्चा. पहिल्या वळणापासून फुफाटा उडाला आणि जो उडाला तो माझ्यावर बसला. स्टेशनावर पोचले तेव्हा मी पिठात घोळलेल्या वडीसारखी दिसत होते. गोविंदरावांनी रुमालानं पुसायला घेतलं, तर त्याचा लेप झाला.

गाडीतून मास्तर असलेला मुलगा उतरला, त्याचे वडील दत्तराव आणि आई केशरबाई. "मोटार नांगराला जुपली होती का?" दत्तरावांनी विचारलं. गोविंदरावांचा चेहरा पडला. केशरबाईंनी माझ्या अंगावर बोट फिरवलं, वास घेतला आणि आत बसल्या.

परसात येताच धुरपताबाईंनी मला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "फरशीवाल्याला सांगावा धाडतो," गोविंदराव पुटपुटले.

तेवढ्यात केशरबाई म्हणाल्या, "बाई, करडईचं तेल लावलं न्हवं?"

"न्हाल्यावर लावतेत म्हनून लावलं."

"मंग रिठ्याचा काय दोष न्हाई. डाळीचं पीठ आना. दिवाळीचं तेल कशानं काढतो आपन?"

पोह्यांच्या बश्या तशाच राहिल्या. दोघी पदर खोचून माझ्यावर तुटून पडल्या. पीठ चोळलं, वरून रिठ्याचं पाणी. मास्तर हौदातून बादल्या भरून देत होता, हेमा ओतत होती. पाहण्याचा कार्यक्रम तिथंच उरकला. दोघं एकमेकांकडं इतकं बघत होते, की एक बादली दत्तरावांच्या धोतरावर गेली. मी आरशासारखी लख्ख निघाले. जेवणात चमकुऱ्याच्या वड्या होत्या, आणि फरशीचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

हेमा सासरी गेली. पुढं माझं इंजिन बसलं. तरी धुरपताबाई दर गुरुवारी मला धुवायच्या.

"चालत न्हाई, मग धुवायलीस कशाला?" गोविंदराव विचारायचे.

"चमकुऱ्याला पानी नको का?"

गेल्या पौषात धुरपताबाई गेल्या. पाट कोरडा पडला आणि चमकुऱ्यानं माना टाकल्या. भंगारवाला दोनदा येऊन मला बघून गेला.

मग एका गुरुवारी गोविंदराव हातात रिठ्याचं पातेलं घेऊन परसात आले. धुणं अगदीच अडाणी; एक दार दोनदा धुतलं, दुसरं विसरले. पण पाणी पाटानं वाफ्यापर्यंत गेलं. मग ते आत गेले आणि करडईच्या तेलाची वाटी घेऊन आले. मला सांगावंसं वाटलं, मालक, धूळ धरेल. त्यांनी हात टपावर ठेवला.

"तिनं लावलंच असतं," म्हणाले. "आन् आता तुला तरी कुठं जायचंय?"

तर रिठ्यानं मोटार निघते, माझी साक्ष घ्या. चालत्या मोटारीला तेवढं तेल लावू नका. आणि भंगारवाल्या, तुला यायचंच असेल तर गुरुवार सोडून ये. त्या दिवशी माझं न्हाणं असतं.